निळ्याचं दावं

फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात सुट्या झालेल्या पानांना डिंक लावत बसलो होतो. दौंडच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे आणि शिरूरहून न्हावरा-चौफुला रस्त्याने रोज जाऊन-येऊन करतो. फोन पुण्याचा होता. शोभेचे मासे विकणारा दुकानदार बोलत होता.

"सर, मॅडमना सांगा, त्यांचा मासा आलाय. जांभळा. कधीपासून सांगून ठेवलं होतं ना त्यांनी! एक नंबर पीस आहे. आठ दिवस कुणाला दाखवत पण नाही."

मॅडमना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्याला ते ठाऊक नव्हतं, असायचं काही कारणही नव्हतं. सांगणं माझं काम होतं. मी म्हणालो, "विचारून सांगतो."

फोन ठेवला तोवर ब्रशवरचा डिंक वाळून गेला होता.

माझी बायको रांजणगावच्या एका कारखान्यात सांडपाणी तपासणारी प्रयोगशाळा सांभाळायची. दिवसभर वाईट पाणी बघून डोळे विटतात, घरी आल्यावर जरा चांगलं पाणी दिसावं, असं म्हणत तिने हॉलमध्ये समुद्र आणला. घोडनदीत उन्हाळ्यात गुडघाभर पाणी नसतं, आणि आमच्या घरात चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच असा समुद्र भरलेला. त्यात खडक, खडकांवर बोटांसारखं हलणारं मऊ प्रवाळ, दोन छोटे नारिंगी मासे आणि तीन मोठे. एक पिवळा, एक निळा आणि एक कोल्ह्यासारखं तोंड पुढे आलेला, ज्याला आम्ही कोल्हतोंड्या म्हणायचो. ती होती तोवर त्या टाकीशी माझा संबंध एवढाच, की तिच्या उजेडात वाचायला बरं पडतं म्हणून मी खुर्ची शेजारी ओढून घ्यायचो.

ती गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं, देऊन टाका कुणाला तरी. मी दिली नाही. तिने भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरून एकेक काम शिकलो. मीठ किती, पाणी कधी बदलायचं, फेस काढणाऱ्या यंत्राची वाटी कधी धुवायची. आठ महिन्यांत मी तिचं एकच काम पुढे नेलं होतं, आणि ते काम जिवंत होतं.

आता चौथा मोठा मासा. आणला आणि टाकीला तो झेपला नाही, तर पाणी बिघडतं. पाणी बिघडलं की आठवड्यात सगळं संपतं, प्रवाळासकट. नाही आणला, तर तिने मागितलेली एवढी एकच गोष्ट यायची राहिली होती, आणि तिला मीच दारातून परत पाठवणार.

मी आधी पुस्तकं काढली. मला दुसरं काही येत नाही. एका पुस्तकात इतक्या लिटरला इतके इंच मासा असा हिशेब दिला होता. दुसऱ्याने तो हिशेब मूर्खपणाचा ठरवला होता, कारण मोठा मासा छोट्याच्या दुप्पट लांब असला तरी दुप्पट नसतो, आठपट असतो. तिसऱ्याच्या मते प्रश्न लांबीचा नव्हताच, स्वभावाचा होता. ग्रंथपालाला तीन पुस्तकांनी तीन उत्तरं दिली की तो चौथं पुस्तक मागवतो. मीही मागवलं. ते जर्मनवरून इंग्रजीत आलेलं होतं आणि त्यात टाकीच्या काचेची जाडी काढायची सूत्रं होती.

मग तिची वही उघडली. कारखान्यातल्या नोंदवहीसारख्याच उभ्या रेघा मारलेल्या. तारीख, तापमान, खार, मग "शे." नावाचा एक रकाना आणि शेवटी शेरा. खार म्हणजे पाण्याचा खारटपणा, तो मी स्वतः मोजायला शिकलो होतो. "शे." मला कळत नव्हतं. शेवाळ असेल, असं मी धरून चाललो होतो. पण शेवाळाचे दहा, वीस, चाळीस असे आकडे कसे मांडतात, हा विचार मनात आला की मी पान उलटायचो. शेरा मात्र स्पष्ट होता. पानोपानी एकच शब्द डोळ्यांत भरत होता, पुढे प्रश्नचिन्ह. "चौथा?"

शेवटच्या पानावरची शेवटची नोंदही तीच होती. "शे. १०. चौथा?"

तिच्या अक्षरातला तो शेवटचा शब्द. मी ठरवून टाकलं, आणायचा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे. वरवंडला त्यांची थोडी जमीन आणि दोन गाई आहेत. मुलगी गेल्यापासून ते महिन्यातून एकदा तरी एसटीने येतात. येताना दूध आणतात, चहा पितात, टाकीसमोर बसतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. आमचं दोघांचं बोलणं कमीच. ती होती तेव्हा दोघांच्या वाटचं तीच बोलायची.

या वेळी दुधाच्या किटलीबरोबर त्यांच्या हातात दोन प्लास्टिकचे कॅन होते.

"हे काय आणलंत मामा?"

"पानी," मामा म्हणाले. "आपल्या बोअरचं. तुम्ही मीठ इकत आनून पान्यात कालवता, मला कसंतरीच वाटतं. आपलं पानी आयतं खारं हाय की. गुरं तोंड लावंनात त्याला."

"एवढं ओझं एसटीतून?"

"कंडक्टर म्हनला, आबा, डिझेल हाय का? म्हनलं, न्हाई, समुद्र हाय."

मी हसलो. घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं. हसतच चहा टाकायला आत गेलो, आणि बाहेर येऊन बघतो तर मामांच्या हातात रिकामा तांब्या.

"एक तांब्याभर टाकलंय म्या," ते म्हणाले. "बगू तर, कसं मानवतंय."

चहा खाली ठेवून मी टाकीकडे धावलो. पण मासे होते तसेच फिरत होते. चारशे लिटरात एक तांब्या. मग मी खारटपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी आणली. तिच्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरायची आणि आतल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. आधी टाकीतलं पाणी दाखवलं. पस्तीस. मग कॅनमधलं. मामांनी बराच वेळ एक डोळा मिटून पाहिलं.

"किती हाय?"

"दोन."

"दोनच?" मामांना ते लागलं. "अहो पाव्हणं, अख्खं गाव मुतखड्यानं बेजार झालं ह्या पान्यानं. उसाची पानं पिवळी पडली. आन् दोन?"

"समुद्राच्या मानाने दोन."

"मंग समुद्राला काय मुतखडं हुतील!" असं म्हणून त्यांनी नळी परत दिली आणि खुर्चीत बसले. कॅन दाराशी राहिले. पुढे त्या पाण्याने मी गॅलरी धुतली.

चहा झाल्यावर मी त्यांना फोनचं सांगितलं. त्यांच्या मुलीने चौथा मासा सांगून ठेवला होता, तो आलाय, आणि मी तो आणणार आहे. वहीतली शेवटची ओळही दाखवली. मामांनी ती वाचली, म्हणजे बोट ठेवून पाहिली. मग टाकीकडे बघून विचारलं, "ह्यो नवा कसा हाय?"

"जांभळा. शेपटी पिवळी. पिवळ्याच्याच कुळातला आहे, त्यामुळे सुरुवातीला दोघं थोडे भांडतील असं पुस्तकात लिहिलंय."

"म्हंजी भावकी," मामा म्हणाले. "थोडं न्हाई भांडायचं मंग. बरं, आन् ह्यांचं शेण कुठं जातं?"

"काय?"

"शेण हो. खात्यात तर शेण टाकत आसतील की. ते कुठं जातं?"

मी खालचं कपाट उघडून फेस काढणारं यंत्र दाखवलं. त्याच्या वाटीत काळपट, उग्र वासाचं पाणी साचतं. मामांनी वास घेतला आणि ओळखीचा माणूस भेटावा तशी मान हलवली.

"हे दिसतं तेवढं. न दिसणारं?"

"ते पाण्यात विरघळतं."

"मंग त्याच्यावर ठरतं," ते म्हणाले. "गोठ्यात जनावरं किती ठिवायची ते वैरणीवर ठरवतो तो येडा. वैरण कुठनंबी इकत आनता येती. शेण कुठं टाकशीला? तिला म्या हे शाळंत असताना सांगितल्यालं. तिसरी गाय घ्या म्हनून माझ्या मागं लागली हुती. म्हनलं, घेतो, तिसऱ्या गाईचं शेण रोज तू काढायचं. चार दिवस बांधावर जाऊन जागा बघत हिंडली, आन् आपसूक गप झाली."

मी वही पुन्हा जवळ ओढली. "शे." शेवाळ नव्हे. शेण.

रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या, कारखान्याच्या अहवालांवर इंग्रजीत सह्या करणाऱ्या बाईने पाण्यात विरघळलेल्या घाणीच्या आकड्याला घरच्या वहीत शेण म्हटलं होतं. कपाटात तिचा तपासणीचा डबा होता. त्या डब्याला मी आठ महिन्यांत हात लावला नव्हता, भिंतीवरच्या कागदात त्याचा उल्लेख नव्हता म्हणून. नळीत पाणी घ्यायचं, पूड टाकायची, हलवायचं आणि रंग किती गडद येतो ते शेजारच्या पट्टीशी जुळवायचं. पुस्तकं ज्याला नायट्रेट म्हणतात, ते असं मोजायचं. तो डबा मी बाहेर काढला.

मामा नळी हलवत होते आणि मी वहीची पानं पहिल्यापासून वाचत होतो, या वेळी दोन रकाने शेजारी शेजारी ठेवून. आकडा दहाच्या आसपास आला की शेऱ्यात "चौथा?" आकडा तीसकडे गेला की "नको." पुन्हा पाणी बदललं, आकडा उतरला, "चौथा?" मी मोजले. अकरा वेळा तिने चौथा विचारला होता आणि दहा वेळा स्वतःच नको म्हटलं होतं. एका ठिकाणी तर लिहिलं होतं, "नको म्हणजे नको." पुढच्याच आठवड्यात पुन्हा, "चौथा?"

अकराव्या प्रश्नाला उत्तर द्यायला ती राहिली नव्हती, एवढंच. मी ती इच्छा समजून बसलो होतो. ती तिची सवय होती. दुकानाच्या काचेत दिसणारी साडी बघत बघत पुढे जाण्यासारखी.

"लाल झालं की हो," मामा म्हणाले. त्यांनी नळी पट्टीशी धरली होती. चाळीस.

"म्हणजे तीनसुद्धा जास्त झालेत," मी म्हणालो. "तिच्या वेळी दहा होतं."

"तिच्या वेळंला निळा केवढा हुता?"

मी तळहात दाखवला. मामांनी टाकीकडे बोट केलं. निळा आता बोटं पसरलेल्या पंजापेक्षा मोठा होता. रोज पाहणाऱ्याला वाढ दिसत नाही. महिन्याने येणाऱ्याला दिसते.

"म्या मघापास्नं त्यालाच बगतोय," मामा म्हणाले. "पिवळा बगा. कडंला जातो, वळतो, परत येतो. ह्यो निळा कडंला जातच न्हाई. वीतभर अलीकडनंच वळतो. त्याला ठावं हाय, म्होरं वळायला जागा न्हाई. ते आता खोंड न्हाई ऱ्हायलं पाव्हणं, बैल झाला."

आम्ही दोघं पाऊण तास नुसते बघत बसलो. प्रत्येक वेळी निळा काचेपासून वीतभर अलीकडे थबकत होता, अंग आखडत होता आणि वळत होता. चार पुस्तकांत हे नव्हतं. किंवा असेलही, मी तिथे लिटर शोधत होतो.

चार की तीन, या प्रश्नाचं उत्तर दोन निघालं.

हे कबूल करायला मला आणखी एक कप चहा लागला. तिचा एक मासा आणायला निघालो होतो, आणि आता तिचा एक मासा द्यायची वेळ आली होती. मामांनी ते ओळखलं असावं. म्हणाले, "दावणीचं जनावर देताना सगळ्यांनाच जड जातं. पर गोठा ऱ्हायला पायजे का न्हाई?"

मी पुण्याला फोन लावला. दुकानदार उत्साहात होता.

"बोला सर, काय म्हणाल्या मॅडम?"

"त्या नाहीत आता," मी म्हणालो. "आठ महिने झाले. त्या दिवशी मला सांगता आलं नाही."

पलीकडे त्याने कुणाला तरी पंप बंद करायला सांगितलं. मग तो म्हणाला, "सर, तुम्ही तर विचारून सांगतो म्हणाला होतात."

"हो."

"मग कुणाला विचारलंत?"

"तिच्या वडिलांना. चौथा नको म्हणाले. उलट आमचा निळाच मोठा झालाय. तुमच्याकडे जागा होईल का?"

जागा होती. दुकानाच्या दर्शनी भागात नऊ फुटांची टाकी होती आणि तिच्यातला मासा तो विकत नसे. निळ्यालाही विकणार नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. तीन वर्षं ती त्याला पाण्याच्या शंका विचारायची आणि तोच तिच्याकडून शिकायचा, हेही त्याने सांगितलं.

मामा त्या दिवशी परत गेले नाहीत. सोमवारी मी रजा टाकली. निळ्याला पकडायला मी जाळं घेऊन टाकीभर तासभर हात फिरवला आणि शर्ट कोपरापर्यंत खारवला. निळा खडकाच्या फटीत जाऊन आडवा पडून राहिला. खिडकीशी बसलेले मामा म्हणाले, "बैलाला पळून धरत न्हाईत, पाव्हणं. आंबोण दाखवून धरत्यात."

निळ्याला समुद्री शेवाळाच्या वाळलेल्या चकत्या आवडायच्या. पुढच्या काचेला त्याची एक हिरवी क्लिप होती, कपड्यांच्या चिमट्यासारखी. तिच्यात चकती अडकवली की तो खाली ओढून ओढून खायचा, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. मामांनी क्लिप जाळ्याच्या आत धरली आणि हात न हलवता उभे राहिले. दहा मिनिटांनी निळा स्वतःच्या पायांनी आला, असं मामा अजून सांगतात.

झाकणाच्या निळ्या पिंपात त्याला क्लिपेसकट ठेवून आम्ही निघालो. मामा मागच्या सीटवर, पिंप त्यांच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये. शिक्रापूरला नेहमीसारखे ट्रक तुंबले होते. पाणी हिंदकळू नये म्हणून मी बैलगाडीच्या वेगाने चालवत होतो आणि मागून मामा झाकण किलकिलं करून पिंपाला सांगत होते, "आलं आलं. शिक्रापूर गेलं की मोकळा रस्ता." शेजारी थांबलेल्या टेम्पोतून एकाने मान बाहेर काढली.

"आबा, मासळी कशी किलो?"

"पाव्हणा हाय त्यो," मामा म्हणाले. "तुमच्याकडं पाव्हणं किलोवर मोजत्यात व्हय?"

दुकानात पोचलो तेव्हा त्याने नऊ फुटांच्या टाकीचे दिवे आधीच मंद करून ठेवले होते. दीड तास थोडं थोडं पाणी मिसळून निळ्याला आत सोडलं. तो आधी खडकामागे गेला. मग बाहेर आला आणि डावीकडे निघाला. चार फूट गेला. मला वाटलं, आता वळेल. तो गेला. पाच, सहा, थेट काचेला तोंड लागेपर्यंत, आणि तिथे एकदाच, अंग न आखडता, मोठ्या गोलाईत वळला.

त्याच टाकीत एक जांभळा होता, पिवळ्या शेपटीचा. दुकानदार हळूच म्हणाला, "सर, हाच तो. मॅडमचा. कालच इथे सोडला, आता हाही विकायचा नाही." मी मान हलवली. चौथा आमच्याकडे आला नव्हता, आमचा तिसरा त्याच्याकडे गेला होता. दोघं एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं करत फिरत होते.

निघताना मामांनी दुकानदाराला विचारलं, "दावं कुठाय?"

त्याला कळेना. मी समजावलं. आमच्याकडे जनावर विकलं किंवा दिलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं द्यायचं नसतं. ते काढून घरी आणतात आणि खुंटीला अडकवतात. गोठ्याची बरकत त्यात राहते म्हणतात. मामा म्हणाले, "माशाला दावं नसतं म्हंजी काय? त्याला धरला कशानं?" आणि मी पिंपातून काढून काउंटरवर ठेवलेली हिरवी क्लिप त्यांनी पुसून खिशात टाकली.

ती आता वरवंडला गोठ्याच्या खुंटीवर आहे. गेलेल्या तीन गाईंच्या दाव्यांशेजारी.

तिला जाऊन वर्ष झालं, तेव्हाच्या पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. वंदना झाली, खीर वाटली गेली, आणि बसायला जागा नाही म्हणून अर्धी माणसं टाकीसमोर दाटीवाटीने उभी राहिली. एका चुलत सासूबाईंनी विचारलं, एवढी मोठी टाकी आणि मोठे मासे दोनच कसे, आणखी चार सोडायचे. मामा खिरीची वाटी चाटूनपुसून खाली ठेवत म्हणाले, "शेण तू काढणार का?" त्यांना वाटलं, म्हातारा बरळतोय. मी आत जाऊन बुद्धाच्या मूर्तीशेजारच्या तिच्या फोटोसमोरची मेणबत्ती सरळ केली आणि एकटाच हसून आलो.

वही मी पुढे चालू ठेवली आहे. तारीख, तापमान, खार, शे. माझं अक्षर तिच्याइतकं बारीक नाही, रकान्याबाहेर जातं. शेऱ्याचा रकाना मी बरेच दिवस मोकळा सोडत होतो.

आकडा उतरायला वेळ लागला. चाळीसचे तीस, तीसचे वीस. परवा रविवारी नळी हलवून पट्टीशी धरली तर रंग जेमतेम गुलाबी. मी दोनदा तपासलं. दहा. पिवळा कडेपर्यंत जाऊन वळत होता, कोल्हतोंड्या प्रवाळाखाली डुलकी काढत होता, आणि मधली जागा रिकामी होती, चांगली दोन फूट. मी आकडा लिहिला. पेन शेऱ्याच्या रकान्यात गेलं आणि लिहून मोकळं झालं.

"तिसरा?"